कोकणात फोन लावताना

कोकणात जायचं माझ्या मनात आलं ते कॉलेजच्या ऑफिसात. मी तिथं परीक्षा विभागात क्लार्क आहे. शेजारच्या टेबलावरची माझी मैत्रीण दिवाळीच्या सुट्टीत नवऱ्याबरोबर देवगड आणि मालवणच्या मधल्या एका लहान गावी जाऊन आली होती. डबा खाताना तिनं मोबाइलवरचे फोटो दाखवले. लांबच्या लांब किनारा आणि त्यावर एकही माणूस नाही. भेळेची गाडी नाही, उंट नाही, रंगीत छत्र्या नाहीत. मागं सुरूचं बन, पुढं नुसतं पाणी. ओल्या वाळूवर खेकड्यांनी मोहरीएवढ्या गोळ्या करून ठेवलेल्या, त्या कुणाच्या पायाखाली आलेल्या नव्हत्या.

तिथं हॉटेल नाही, असं तिनं सांगितलं. एका घरात माडीवरच्या दोन खोल्या पाहुण्यांना देतात आणि घरातली सून आपल्या हातानं करून वाढते. मी समुद्र आयुष्यात दोनदा पाहिला होता. एकदा शाळेच्या सहलीत, बाईंनी सगळ्यांना दोरीला धरून उभं केलेलं असताना, आणि एकदा मुलीच्या परीक्षेसाठी मुंबईला गेलो तेव्हा, गर्दीत पर्स सांभाळत. नळाला काही दिवसांआड पाणी येणाऱ्या गावात आयुष्य गेलेल्या मला ते फोटो बघून आत कुठंतरी गार वाटलं.

संध्याकाळी घरी आल्यावर मी यांना विचारलं. हे म्हणजे माझा नवरा. वर्षापूर्वीच काम सोडून घरी बसले होते. मला वाटलं, खर्चाचं काढतील, घर बंद ठेवायचं कसं म्हणतील. पण मी समोर बसून फोटो दाखवले तसे ते बघत राहिले आणि म्हणाले, "जाऊ की. ठरव तू."

मुलगी पुण्याला असते. तिला सांगितल्यावर तिलाही आनंद झाला. डिसेंबरात परीक्षा आटोपल्या की मी आठवड्याची रजा टाकायची, असं ठरलं. मला दिवसभर ऑफिसात फोन करायला सवड नसते, म्हणून खोलीचं आणि गाडीचं विचारायचं काम यांनी घ्यायचं, कपड्यांचं आणि बरोबर न्यायच्या खाण्याचं मी बघायचं. बाहेरचे व्यवहार आमच्या घरी पहिल्यापासून तेच करत आले आहेत.

हे मूळचे करकंबचे. थोरल्या भावानं उसाची शेती सांभाळली आणि धाकटे म्हणून हे विशीच्या आत सोलापूरला आले, टॉवेलच्या कारखान्यात मागावर लागले. पुढं जॉबर झाले. माग बिघडला की तो सोडवून, जुळवून पुन्हा चालू करून देणारा तो जॉबर. त्या शेडमधे मी एकदाच गेले होते, डबा द्यायला. दारातून आत पाऊल टाकल्यावर आवाज अंगावरच आला. शेजारी उभ्या बाईचं बोलणं मला ऐकू येईना, आणि ही माणसं मात्र एकमेकांकडं बघून हातांनी, ओठांनी आरामात बोलत होती. मालक तेलुगू, निम्मे कामगार तेलुगू. हे ती भाषा तिथंच शिकले, आणि कानांनी न्हाय, डोळ्यांनी शिकलो, असं गमतीनं सांगायचे.

पहिल्या फोनचा निरोप आला तो असा, की जागा नाही. मी विचारलं, सगळ्या डिसेंबरात नाही? तर म्हणाले, व्हय, समदं भरलंय म्हणली ती बाई. ऑफिसात मैत्रिणीला नवल वाटलं. ती निघताना त्या सुनेनं मुद्दाम सांगितलं होतं, कुणी असेल तर पाठवा, आमच्याकडं डिसेंबरात फारसं कुणी येत नाही. मी यांना पुन्हा फोन करायला लावला. दुसऱ्या वेळी म्हणाले, सांगते म्हणली. तिसऱ्या वेळी म्हणाले, ठरलं. मी सुटकेचा श्वास टाकला आणि रजेचा अर्ज दिला.

दोन-चार दिवसांनी मैत्रीण म्हणाली, अगं, तुम्ही संक्रांतीला जाताय का? तिचं कशावरून तरी त्या घरी बोलणं झालं होतं आणि सोलापूरचे पाहुणे संक्रांतीला येणार, असं तिला कळलं होतं. मी घरी येऊन विचारलं. ते माझ्याकडं बघत राहिले, मग म्हणाले, "म्या डिसेंबरच सांगितलंय." एवढं बोलून उठले आणि गॅलरीत जाऊन उभे राहिले. पूर्वी असं काही झालं असतं तर त्यांनी तिथल्या तिथं फोन लावून दोन वाक्यांत प्रकरण मिटवलं असतं.

त्याच आठवड्यात मी त्यांना स्टँडवर कोल्हापूरच्या गाडीची चौकशी करायला पाठवलं. परत आले ते खुशीत होते. लई गाड्या हायेत, म्हणाले, दर अर्ध्या तासाला एक. जाताना बसायला जागा मिळंल का, याची काळजीच नको. मी भाजी चिरत होते, ती तशीच राहिली. सोलापूरहून अर्ध्या तासाला गाडी कोल्हापूरला नसते, तुळजापूरला असते. इथं चाळीस वर्षं राहिलेल्या माणसाला हे कळू नये? मी तसं म्हटलं, तर ते म्हणाले, त्यानं सांगितलं ते मी सांगतोय. आणि त्यांचा चेहरा एकदम उतरला.

त्या दिवसापासून माझ्या जिवाला घोर लागला. त्याला कारण होतं.

माझे थोरले दीर, करकंबचे, असेच गेले. सुरुवात अगदी लहान होती. मळ्यात पाणी सोडलं का विचारलं तर जेवलो म्हणायचे. पाहुण्यांनी इकडचं विचारलं तर तिकडचं सांगायचे. सगळे हसायचे, तेही हसायचे. मग त्यांनी बोलणं कमी केलं. मग पारावर जाणं सोडलं. एका दुपारी घरातून निघाले ते पंढरपूरच्या रस्त्याला लागले आणि ऊस वाहणाऱ्या ट्रॅक्टरवाल्यानं ओळखून परत आणून सोडलं. शेवटी शेवटी जाऊबाईंना ते आई म्हणून हाक मारत. जाऊबाईंनी किती वर्षं वाड्याच्या दाराला आतून कुलूप लावून काढली, ते मी पाहिलं होतं. दीर जाऊन दोन वर्षं झाली होती.

आणि आता मला एकेक गोष्ट आठवायला लागली. गुरुवारच्या भजनाला जाणं यांनी बंद केलं होतं, कंटाळा आला म्हणून. कारखान्यातले जुने सोबती संध्याकाळी बागेत जमतात, तिथंही हल्ली जात नव्हते. मी स्वयंपाकघरातून म्हणाले होते, येताना आलं आणा, तर बाहेरून विचारलं, कोण आलं? तेव्हा मी हसले होते. कुकर बंद करायला सांगून मी दळण आणायला गेले, तर परत येईपर्यंत वरण करपून खाली लागलं होतं आणि हे पलीकडच्या खोलीत पेपर वाचत बसले होते. शिट्टीच झाली न्हाय, असं त्यांनी मला ठामपणे सांगितलं होतं.

मग मी त्यांच्यावर लक्ष ठेवायला लागले. जेवताना समोर बसून सहज विचारल्यासारखं विचारायचे, काल दुपारी काय केलं होतं आपण? शेजारच्यांच्या नातवाचं नाव काय ठेवलं? ते सगळं बरोबर सांगायचे. जुनं तर सांगायचेच, परवाचंही सांगायचे. मला धीर यायचा. आणि मी ताट घेऊन मोरीकडं वळले, की पाठीमागून भलतंच काहीतरी उत्तर यायचं, किंवा उत्तरच यायचं नाही. दिरांचंही असंच होतं, कधी अगदी शहाण्यासारखं, कधी तसं.

मुलीला मी सांगितलं नाही. तिचा फोन आला की हे दोन शब्द बोलून मोबाइल माझ्याकडं द्यायचे, आणि ती मला म्हणायची, बाबा आजकाल माझ्याशी बोलतच नाहीत. मी म्हणायचे, निवृत्त माणूस, बोलण्यासारखं असतं काय. असं खोटं बोलणं माझ्या जिवावर यायचं, पण दुसरं काय सांगणार?

मग एके दिवशी त्यांनीच सांगितलं, की कोकणचं पुन्हा बोललो, समदं ठरलं, डिसेंबरचंच ठरलं, फोंडा घाटातनं यायचं. मी बरं म्हटलं. विश्वास ठेवला नाही. उलट त्या क्षणी मी मनाशी ठरवून टाकलं, की जायचंच नाही. जो मोकळा किनारा बघून माझं मन भरलं होतं, त्याचीच मला आता धास्ती वाटायला लागली. तिथं माणूस नाही. हे एकटेच उठून चालायला लागले आणि भरकटले, तर मी कुणाला विचारणार, कुणाला हाक मारणार? करकंबात निदान ट्रॅक्टरवाला होता.

दुसऱ्या दिवशी डब्याच्या सुट्टीत मी मैत्रिणीकडून नंबर घेतला आणि कॉलेजच्या मागं लिंबाखाली उभी राहून त्या घरी फोन लावला. येत नाही म्हणून सांगायचं, घरात आजारपण आहे म्हणायचं, एवढं घोकून ठेवलं होतं.

सुनेनंच उचलला. सोलापूर म्हटल्याबरोबर ती हसायला लागली. "ताई, तुमच्याकडं मोबाइलला रेंज नाय काय?" असं तिनं विचारलं. मी म्हटलं, आहे की, का बरं? मग तिनं सगळं सांगितलं. ती आमच्यासाठी म्हणून शहरी मराठी बोलायचा प्रयत्न करत होती, पण हसू आलं की आपल्या बोलीवर जात होती.

"मी इचारलंय, मासे खातास काय? तर काका सांगतत, सोमवारी."

किती माणसं येणार विचारलं तर काका म्हणाले, सोलापूर. पहिल्यांदा फोन आला तेव्हा ती म्हणाली होती, जागा आहे, कधीही या, तर काका म्हणाले, बरं, असू द्या, मग पुढच्या वेळी, आणि ठेवून दिला. संक्रांतीचं तर तिनं स्वतःच विचारलं होतं, की संक्रांतीला येणार का, आणि काका व्हय व्हय म्हणाले होते. तिला वाटलं, लाइन खराब आहे.

मी लिंबाला हात टेकून ऐकत होते. मला वाटत होतं तेच आहे, याची आता खात्री पटत चालली होती. घोकलेलं वाक्य तोंडाशी आलं होतं, तेवढ्यात ती म्हणाली, की परवा मात्र सगळं नीट झालं. परवा तिनं फोन सासऱ्यांकडं दिला. सासऱ्यांचा जन्म मासेमारीत गेलेला, वाऱ्यात आणि लाटांत ओरडून ओरडून त्यांचा आवाज असा झालाय की ते फोनवर बोलले तर शेजाऱ्याला कळतं. ते आणि काका चांगले अर्धा तास बोलले. तारखा ठरल्या, माणसं दोन, मासे चालतात, कोल्हापूरहून फोंडा घाटाची गाडी, कुठं उतरायचं, सगळं. वर काकांनी त्यांना उसाची लागण कशी करतात तेही सांगितलं आणि इकडच्या माडांना खत काय घालता, असं विचारून घेतलं. एक अक्षर चुकलं नाही.

"मामंजी म्हणतत, माणूस शाणो आसा," ती म्हणाली.

मी तिला विचारलं, तुमचे सासरे खूप मोठ्यानं बोलतात का हो? ती म्हणाली, तुम्ही आलात की कळंलच. मी म्हटलं, येतो आम्ही, नक्की येतो. आणि फोन ठेवला.

दुपारनंतर मला ऑफिसात काम सुधरेना. मी लवकर घरी निघाले. दार नुसतं लोटलेलं होतं. हे पलंगावर दाराकडं पाठ करून पेपर वाचत होते. मी चपला काढल्या, पर्स खाली ठेवली, आणि त्यांच्या पाठीमागं चार हातांवर उभी राहून नेहमीच्या आवाजात म्हणाले, अहो, मी आले. त्यांनी पान उलटलं. मी म्हणाले, अहो, चहा टाकू का? काही नाही. मी आणखी एक पाऊल पुढं झाले आणि म्हणाले, आपल्या घराला आग लागलीय. ते नाकावरचा चष्मा वर सारून क्रिकेटची बातमी वाचत राहिले.

मला एकाच वेळी हसू यायला लागलं आणि डोळ्यांतून पाणी. मी पुढं जाऊन त्यांच्या समोर खाली बसले आणि अगदी हळू, जवळजवळ आवाज न काढता, नुसते ओठ हलवून विचारलं, चहा घेणार?

"घेतो की. आज लवकर आलीस?" ते म्हणाले. आणि मग माझा चेहरा बघून, "काय झालं?"

चहा झाल्यावर मी तशीच समोर बसून विषय काढला. म्हटलं, तुम्हाला ऐकायला कमी येतं. ते एकदम चिडले. आवाज तर समदे येतात, म्हणाले, गाडी गेली की कळतं, दार वाजलं की कळतं, पोरगी फोनवर बोलती ते पण येतं ऐकू. मग कप हातात फिरवत राहिले.

"आवाज येतो गं. पण बोलणं कळत न्हाय. ती काय तरी म्हणती, आणि माझ्या डोस्क्यात त्याचं काय होतच न्हाय. नुसती गुणगुण. मला वाटलं, दादाचं झालं तेच सुरू झालं."

मी ज्या भीतीनं महिनाभर झोपले नव्हते, ती याच घरात, भिंतीपलीकडं नाही, त्याच पलंगावर, ते एकटे घेऊन पडले होते. म्हणून भजन सोडलं, म्हणून बाग सोडली. चुकीचं उत्तर गेलं की लोक हसतील, आणि त्यांना दादांचं हसणं आठवायचं. मला सांगितलं नाही, कारण जाऊबाईंचे हाल मी जवळून पाहिले होते. तूच घाबरली असतीस, असं ते म्हणाले. मी पण तेच समजत होते, असं मी सांगितलं, तेव्हा त्यांनी मान वर करून माझ्याकडं पाहिलं.

कानाच्या डॉक्टरांकडं जायला ते लगेच तयार झाले, असं मात्र नाही. डॉक्टरनं भलतंच सांगितलं तर काय, ही भीती दोघांनाही होती. शेवटी मी रजा टाकली आणि घेऊन गेले. एका काचेच्या लहान खोलीत त्यांना बसवलं, कानांवर हेडफोन लावले, हातात बटण दिलं. आवाज ऐकू आला की बटण दाबायचं. मी बाहेरून बघत होते. सुरुवातीला ते पटापट दाबत होते. मग हात थांबला. आत मशीनवरची बाई एकेक आकडा वाढवत होती आणि ते बटणावर अंगठा ठेवून वाट बघत बसले होते, इतक्या लक्षपूर्वक, की मला काचेतून हात घालून त्यांच्या पाठीवर ठेवावासा वाटला.

डॉक्टर वयानं आमच्या मुलीएवढी होती. तिनं कागद समोर धरून सांगितलं, की खालचे, जाड आवाज चांगले ऐकू येतात, वरचे, बारीक आवाज गेलेत. कुकरची शिट्टी, पाखरं, बायकांचा आवाज, आणि बोलण्यातली बरीचशी अक्षरं त्या बारीक आवाजांत येतात. म्हणून बोलणं येतं, पण शब्द सुटे होत नाहीत. कामाचं विचारलं आणि माग म्हटल्यावर तिनं मान डोलावली. तुमच्या वयाचे पुष्कळ येतात, म्हणाली, समोरच्याचे ओठ वाचायची सवय असते, त्यामुळं घरच्यांना वर्षानुवर्षं पत्ताच लागत नाही.

यांनी विचारलं, "आणि डोकं?"

तिला आधी कळलं नाही. मी दिरांचं सांगितलं. मग तिनं खुर्ची पुढं घेतली आणि त्यांच्याशी थोडा वेळ इकडचं तिकडचं बोलली, हिशेब विचारले, उलटे आकडे मोजायला लावले, काही शब्द सांगून थोड्या वेळानं पुन्हा विचारले. यांनी सगळे सांगितले. तिनं कुकरचं, आणि स्टँडवरच्या माणसानं तुळजापूर का म्हणून विचारल्यावर हे व्हय म्हणाले असतील त्याचं, आमच्याकडून नीट ऐकून घेतलं आणि म्हणाली, हवं तर डोक्याच्या डॉक्टरांकडून खात्री करून घ्या, पण मला काही काळजीचं दिसत नाही. हे सगळं कानाचं आहे. त्याला मशीन आहे.

आम्ही बाहेर आलो. रस्त्यापलीकडं रसवंती होती. दोघंही काही न ठरवता तिकडं गेलो. त्यांनी दोन ग्लास रस घेतला, आलं-लिंबू घालून. रसवाल्याला ऊस कुठला विचारलं, अकलूजकडचा म्हटल्यावर करकंबचा याहून गोड असतो, असं त्याला ऐकवलं. मी त्या बाकड्यावर बसूनच राहिले. ते बसणं सुखाचं होतं.

डोक्याच्या डॉक्टरांकडंही पुढच्या आठवड्यात जाऊन आलो. त्यांनीही काही काढलं नाही.

मशीन आल्यावर पहिले दिवस गमतीचेच गेले. पंखा एवढा कसा वाजतो, असं त्यांनी विचारलं. माझ्या बांगड्या, त्यांच्या स्वतःच्या चपला, पेपरची घडी, सगळ्याची तक्रार सुरू झाली. भांडी हळू ठेव, म्हणाले. मुलीला फोन लावून त्यांनी इतका वेळ गप्पा मारल्या, की तिनं शेवटी मला हळूच विचारलं, बाबांना काही झालंय का. मग तिला सगळं सांगितलं, आणि ती रडली, आणि मला रागावली.

आणि कोकणचं ठरवणं नव्यानं सुरू झालं. आता त्यांना कुणी अडवू शकत नव्हतं. स्टँडवर जाऊन कोल्हापूरच्या गाड्या विचारून आले, सांगोल्यावरून मिरजेवरून कोणती कधी पोहोचते तेही विचारलं, आणि वर तुळजापूरच्या गाड्या आता किती आहेत तेही त्या माणसाला मुद्दाम विचारलं म्हणे. सुनेला फोन करून भरती-ओहोटी कधी असते हे समजून घेतलं. समुद्राकाठी वारा असतो, मशीनमधे वारा शिरला तर शिट्टी वाजते का, हे डॉक्टरला विचारून आले. भिजवायचं नाही एवढं लक्षात ठेवा, असं तिनं बजावलं. मी शेंगांची चटणी कुटली, कडक भाकऱ्या केल्या, कोकणातल्या त्या घरी द्यायला एक चादर घेतली. चादर यांनी निवडली. दुकानात चार उघडून, वीण बोटांनी चाचपून, पाचवी घेतली.

मैत्रीण म्हणाली, तुम्ही तर वर्षभराची तयारी करताय. मी म्हटलं, जायच्या आधीच मला निम्मं सुख मिळालंय, उरलेलं तिथं जाऊन घेते.

एक रात्र कोल्हापुरात एका नातेवाइकांकडं काढून सकाळच्या गाडीनं आम्ही घाट उतरलो. खाली आल्यावर हवा बदलली, अंगाला चिकटायला लागली. लाल माती, चिऱ्याच्या भिंती, काजूची झाडं. आम्ही दोघं उघड्या माळावरची माणसं, इतकं हिरवं एकदम बघून खिडकीला नाक लावून बसलो. फाट्यावर सुनेचे सासरे, म्हातारबाबा, स्वतः रिक्षा घेऊन न्यायला आले होते. त्यांनी जी हाक मारली, ती ऐकून यांनी दचकून कानाला हात लावला आणि मशीनचा आवाज कमी केला.

घर सुनेनं सांगितलं होतं तसंच होतं. माडीवरच्या खिडकीतून सुरूच्या झाडांमधून पाणी दिसत होतं. पोहोचलो त्या संध्याकाळी आम्ही किनाऱ्यावर गेलो. खरंच कुणी नव्हतं. मी साडी वर खोचून पाण्यात उभी राहिले. हे घोट्याएवढ्या पाण्यात आले, मशीन आधी काढून डबीत घालून माझ्या पर्समधे दिलं होतं. लाट आली, गेली. ते म्हणाले, हे येतंय ऐकू, मशीन नसलं तरी येतंय. जाड आवाज हाय. आणि लहान मुलासारखे हसले.

तिसऱ्या दिवशी सकाळी आम्ही गेलो तर किनाऱ्यावर माणसं होती. रापण लागली होती. होडीतून जाळं दूर समुद्रात टाकून त्याचे दोन्ही दोर किनाऱ्यावरून ओढतात, त्याला रापण म्हणतात. दोन रांगा करून बायका-पुरुष दोर ओढत होते, मागं मागं सरकत होते. म्हातारबाबा मधे उभे राहून ओरडत होते. त्यांनी आम्हाला पाहिलं आणि यांना हातानंच, ये, अशी खूण केली. हे गेले आणि दोराला लागले. मी थोडा वेळ बघत उभी राहिले, मग एका म्हातारीनं सरकून मला जागा केली, तशी मीही दोर धरला. दोर ओला, खरबरीत आणि जड होता. माझ्या हाताची सालं निघाली. कधी वाटायचं, हलतच नाही, मग अचानक हातभर पुढं यायचा.

बऱ्याच वेळानं जाळं वर आलं. फार मासळी नव्हती. बांगडे थोडे, तारल्या बऱ्याच, एक मोठा खेकडा, आणि खूपसं शेवाळ. कुणाला त्याचं फार वाईट वाटलेलं दिसलं नाही. वाटणी झाली, आणि म्हातारबाबांनी आमच्याही वाट्याला मूठभर बांगडे घातले. हे नको नको म्हणत होते, पण त्यांनी पिशवीत टाकलेच.

सुनेनं ते तिरफळ नावाचा तिकडचा मसाला घालून केले. आम्ही ओटीवर बसून जेवलो, भाताबरोबर, आणि यांनी आपल्या कडक भाकरीचा तुकडाही त्या आमटीत बुडवून बघितला, म्हातारबाबांनाही खायला लावला. दोर ओढून हात भाजल्यासारखे झणझणत होते. जेवण झाल्यावर आम्ही माडीवर गेलो, आणि खिडकी उघडी ठेवून, संध्याकाळी सुनेनं चहाला हाक मारीपर्यंत दोघंही गाढ झोपलो.